पाणीपट्टी जवळपास तिप्पट आली, वर 'आज रात्री नळ बंद' असा मेसेज: आधी काय करायचं, मग काय

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकला पंचवटीत, हिरावाडीला स्वतंत्र घर, घरात पाच माणसं. नळ कनेक्शन वडिलांच्या नावावर, ते आता हयात नाहीत. एरवी दर बिलाला ३८ ते ४२ युनिट यायचे, या वेळी ६० दिवसांचे ११२ आले: मागील रीडिंग १३४७, चालू रीडिंग १४५९. त्यातच संध्याकाळी मेसेज आला की मागचं बिल 'अपडेट' नाही, रात्री साडेनऊला पाणी बंद होईल, अमुक नंबरवर अधिकाऱ्याला फोन करा. फोन केला तर समोरच्याला वडिलांचं नाव आणि रक्कम दोन्ही माहीत होतं. पैसे भरावेत का, बिल खरं आहे का, आणि नाव कसं बदलायचं?

मेसेज खोटा आहे आणि बिल कदाचित खरं आहे. या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवा. लुबाडणाऱ्याचं काम त्या एकत्र झाल्यावरच सोपं होतं, कारण जास्त बिलाची धास्ती घरात असतेच आणि तो फक्त तिच्यावर बोट ठेवतो.

नळ तोडायचाच झाला तर आधी नोटीस येते. मग महापालिकेचा माणूस दिवसाउजेडी पाना घेऊन येतो आणि मुख्य लाइनवरचं फेरूल (जिथून घराची जोडणी निघते तो तुकडा) किंवा मीटरजवळचा कॉक बंद करतो. रात्री साडेनऊला कचेरीत बसून कुणाचा नळ बंद करता येत नाही, आपल्या नळाला रिमोट नाही. विजेचं जरा वेगळं आहे. नवे स्मार्ट मीटर दुरूनही बंद करता येतात, म्हणून तिथे हा दिलासा पुरत नाही. पण थकबाकीसाठी वीज तोडायची तर वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावीच लागते. पाणी असो की वीज, 'आज रात्री' हे शब्द दिसले की पुढचं वाचायची गरज नाही. असे मेसेज बहुधा कचेऱ्या बंद झाल्यावरच येतात, म्हणजे खातरजमा करायला तुम्ही कुठे जाऊ नये.

मेसेज कुठून आला तेही बघा. महावितरण, बँक किंवा सरकारी खातं साध्या दहा आकडी मोबाईलवरून असा एसएमएस पाठवत नाही. त्यांचा मेसेज अक्षरी नावाने येतो. २०२५ पासून त्या नावाच्या शेवटी एक अक्षरही लागतं: जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी मेसेजला जी. व्हॉट्सअॅपवरच्या लोगोला काही किंमत नाही, लोगो कुणीही लावतो.

आता त्याला वडिलांचं नाव कसं कळलं? बिलावरचा ग्राहक क्रमांक कुणाच्याही हाती लागला की पैसे भरायच्या अॅपमध्ये तो टाकून नाव आणि रक्कम बघता येते. बिल भरायची सोय चालतेच तशी, त्यात हॅकिंग काही नाही. आणि क्रमांक मिळवणं अवघड नसतं. गेटला अडकवलेलं बिल, रद्दीत गेलेलं बिल, 'हे बघा किती आलं' म्हणून ग्रुपवर टाकलेला फोटो, यांपैकी काहीही पुरतं. त्यामुळे समोरच्याने सांगितलेली माहिती बरोबर निघाली म्हणून तो माणूस खरा ठरत नाही. ग्रुपवर बिल टाकायचंच असेल तर नाव, पत्ता आणि क्रमांकावर बोट ठेवून फोटो काढा.

फोन चालू ठेवला असतात तर पुढे दोनपैकी एक मागणी आली असती. पहिली, 'फक्त १० रुपये भरा म्हणजे खातं अपडेट होईल.' दहा रुपयांत त्याला रस नसतो. ते भरताना तुम्ही कार्डाचा नंबर आणि ओटीपी टाकता, किंवा त्याने आधीच एनीडेस्क, टीमव्ह्युअरसारखं स्क्रीन दाखवणारं अॅप उतरवायला लावलेलं असतं आणि तुमचा यूपीआय पिन त्याला समोर दिसतो. दुसरी मागणी म्हणजे व्हॉट्सअॅपवर आलेली 'बिल अपडेट' नावाची एपीके फाइल, म्हणजे फोनवर अॅप बसवणारी फाइल. ती उघडली की अॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती दिली की बँकेचे ओटीपी परस्पर दुसऱ्याच्या फोनवर जातात, आणि तुम्हाला कळतं ते पैसे गेल्यावर. पाण्याचं बिल, गॅसचं बिल, आरटीओचं चलन, लग्नाची पत्रिका: फाइलचं नाव बदलतं, आत काम तेच असतं. प्ले स्टोअरबाहेरून आलेली कुठलीही फाइल बिलासाठी उघडायची नाही.

घरात कुणी उघडलीच असेल तर क्रम महत्त्वाचा आहे. आधी फोनचं इंटरनेट तोडा, वायफाय आणि मोबाईल डेटा दोन्ही, म्हणजे विमान मोड लावा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करून यूपीआय, कार्ड आणि नेट बँकिंग बंद करायला सांगा. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही नोंदवता येते. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असताना मध्येच गोठवता येतात, म्हणून इथे मिनिटं मोजायची असतात. त्यानंतर अॅप काढा, कॉल फॉरवर्डिंग सुरू झालंय का ते फोनच्या सेटिंगमध्ये बघा, आणि शक्य असेल तर फोटो वाचवून फोन फॅक्टरी रीसेट करा. नुसतं अॅप काढून भागेलच असं नाही. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये आणलेल्या नियमाप्रमाणे, चूक ना बँकेची ना तुमची अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तोटा तुमच्यावर येत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा तुमचा आणि कळवल्यानंतर होईल तो बँकेचा. म्हणून लाज वाटून सकाळपर्यंत थांबू नका.

आता बिल. इथे खरं काम आहे, आणि त्यातलं बरंचसं तुम्ही घरीच करू शकता.

मीटरजवळ जा, झाकण उघडा, काच ओल्या फडक्याने पुसा. घरगुती अर्धा इंची मीटरवर काळे आकडे घनमीटर दाखवतात. १ घनमीटर म्हणजे १००० लिटर, तेच १ युनिट. लाल आकडे किंवा लाल काट्यांच्या छोट्या चकत्या त्याच्या खालचे भाग, म्हणजे शेकडे, दहा आणि एकेक लिटर दाखवतात. मधोमध छोटा त्रिकोण किंवा चांदणी असते; ती थेंबभर पाण्यालाही फिरते. बिलासाठी फक्त काळे आकडे धरायचे.

पहिली तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. बिलावरचं चालू रीडिंग आजच्या काळ्या आकड्यांपेक्षा मोठं असेल तर वाचणारा चुकला, विषय संपला. मीटर पुढे जातो, मागे येत नाही. ओलसर काचेमागे ६ आणि ८, १ आणि ७ यांत गल्लत होते. पहिला लाल आकडा काळ्यांत धरला तर रीडिंग थेट दहापट होतं. मीटरचा अनुक्रमांकही बिलाशी जुळवून बघा. शेजारी-शेजारी दोन मीटर असतील तर अदलाबदल होते आणि वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

तुमच्याकडे आज समजा १४६८ दिसतंय. म्हणजे १४५९ हे वाचन खरं धरायला हरकत नाही. आता हिशेब करा. ११२ युनिट म्हणजे १,१२,००० लिटर, भागिले ६० दिवस, म्हणजे रोज साधारण १,८६५ लिटर. शहरी घरासाठी माणशी १३५ लिटर हे सरकारी मानक आहे; पाच माणसांचे ६७५ लिटर, ६० दिवसांचे ४० युनिट. तुमची जुनी बिलं ३८ ते ४२ ची, म्हणजे अगदी मानकावर. याचा अर्थ मीटर तोवर ठीक होता आणि आता रोज सुमारे १,२०० लिटर कुठेतरी जास्त जातंय, किंवा मीटर तसं दाखवतंय. हा १,२०० चा आकडा धरून ठेवा, पुढचा सगळा शोध त्याच्याशी ताडून घ्यायचा आहे.

पण त्याआधी मागची दोन-तीन बिलं काढा. त्यांवर 'दार बंद', 'मीटर नादुरुस्त' किंवा 'सरासरी' असा शेरा आहे का? सरासरीने बिलं येत राहिली आणि मग कुणीतरी खरं रीडिंग घेतलं तर मागचा सगळा फरक एकाच बिलात येऊन बसतो. अशा वेळी ती युनिटं जेवढ्या कालावधीची आहेत तेवढ्यावर विभागून बिल करून मागा. दर टप्प्याटप्प्याने चढत असेल तर विभागणीने रक्कम खरोखर कमी होते. विजेच्या बिलात हे ठळक दिसतं, कारण तिथे १००, ३०० आणि ५०० युनिटला टप्पा बदलतो.

शेरा नसेल तर गळती शोधायची. यात लोक प्लंबरला बोलावून सगळ्या तोट्या बदलून घेतात आणि बिल तसंच राहतं, कारण टपटपणाऱ्या तोटीतून रोज १,२०० लिटर जात नाहीत. खात्री हवी असेल तर तोटीखाली तासभर भांडं ठेवून मोजा आणि २४ ने गुणा. बहुतेक वेळा उत्तर पाच-पन्नास लिटरच्या आत येतं. १,२०० लिटर म्हणजे तासाला ५० लिटर, न थांबता. एवढं पाणी मोठ्या वाटेनंच जातं.

सुरुवात लाईट बिलापासून करा, ही युक्ती फुकटची आहे. तुमचं पाणी नळातून जमिनीतल्या टाकीत, तिथून मोटरने गच्चीवरच्या टाकीत, आणि मग घरात येतं. गळती गच्चीवरच्या टाकीत किंवा तिच्या पुढे असेल तर मोटर रोज जास्त वेळ चालते. १ एचपीची मोटर तासाला जवळपास १ युनिट वीज खाते. ती मिनिटाला ४० लिटर चढवत असेल तर १,२०० लिटरला अर्धा तास, म्हणजे महिन्याला १५ युनिट जादा. गेल्या वर्षीच्या याच महिन्यांशी ताडून बघा. वीज वाढलेली असेल तर वर शोधा. वीज जिथल्या तिथे आणि पाणी मात्र वाढलेलं असेल तर गळती मोटरच्या आधी आहे: जमिनीतली टाकी किंवा मीटरपासून टाकीपर्यंतचा पाइप. ज्यांच्याकडे मोटर किती वेळ चालते याचा अंदाज आहे त्यांना बिल बघायचीही गरज पडत नाही.

वरची गळती असेल तर संशयित पहिला फ्लश. टाकीचं झाकण काढून खायचा रंग किंवा चमचाभर कॉफी घाला, २० मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर तळाचा रबरी वायसर गेलाय. हळद घालू नका, डाग राहतो. टाकीतलं पाणी मधल्या उभ्या नळीच्या तोंडावरून आत पडत असेल तर वायसर ठीक आहे, फ्लोट (पाणी भरल्यावर नळ बंद करणारा तरंगता गोळा) जास्त वर बसवलाय. पाणी त्या तोंडाच्या २ सेंटीमीटर खाली थांबायला हवं. या दोन्ही गळत्यांचा आवाज येत नाही, म्हणून त्या महिनोन्महिने चालतात.

एकूण वरच्या गळतीचं मोजमाप रात्री करा. झोपण्यापूर्वी गच्चीवरच्या टाकीत काठी उभी करून पाण्याची खूण घ्या, पहाटे कुणी पाणी वापरण्याआधी पुन्हा बघा. १००० लिटरच्या उभ्या गोल टाकीत १ सेंटीमीटर म्हणजे साधारण ९ लिटर. सहा तासांत ३० सेंटीमीटरच्या आसपास उतरलं तर तुमचे तासाचे ५० लिटर इथेच आहेत. सेंटीमीटर-दोन उतरलं तर वरचा भाग निर्दोष समजा.

गच्चीवरची टाकी वाहून जाणं हा प्रकार अर्थातच वेगळा, तो मोटर बंद करायला विसरण्याचा आहे. जमिनीतली टाकी वाहून जाणं मात्र कुणालाच दिसत नाही, आणि स्वतंत्र घरांत मोठं बिल बहुधा इथूनच येतं. टाकीच्या तोंडाशी बॉल कॉक असतो. त्याचा प्लास्टिकचा गोळा चिरला की आत पाणी भरतं आणि तो तरंगायचा थांबतो; काढून कानाशी हलवला तर आत खुळखुळ ऐकू येते. कधी दांडी क्षाराने अडकते, कधी आतला वायसर झिजतो. मग टाकी भरूनही नळ चालूच राहतो आणि जादा पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून गटारात जातं. अर्धा इंची लाइनला बऱ्यापैकी दाब असला तर मिनिटाला १५ लिटर सहज येतात. रोज ८० मिनिटं वाहिलं की झाले १,२०० लिटर. पाणी यायच्या वेळेला टाकीचं झाकण उघडून दहा मिनिटं उभं राहा, टाकी भरल्यावर धार थांबते का बघा. कॉक बदलायचा झाला तर पितळी घ्या, आणि त्याच खेपेला ओव्हरफ्लोचं तोंड गटारातून काढून गेटजवळ उघड्यावर आणा. फरशी ओली दिसली की घरातलं पोरही ओरडेल. हा एवढा बदल केला तर पुढच्या वेळी बिलाची वाट बघत बसावं लागत नाही.

टाकीला तडा असेल तर: टाकी भरा, येणारा कॉक आणि मोटर दोन्ही बंद, भिंतीवर खडूने खूण, १२ तास थांबा. २ मीटर बाय १.५ मीटरच्या टाकीत १ सेंटीमीटर म्हणजे ३० लिटर. तुमची सगळी गळती तड्यातून असेल तर १२ तासांत पाणी २० सेंटीमीटर उतरेल. अशा टाकीत पावसाळ्यात बाहेरचं पाणी आतही येतं, तेव्हा दुरुस्ती बिलासाठी नसली तरी पोटासाठी करा.

राहिला मीटर ते टाकी हा पाइप. पाणी चालू असताना टाकीच्या तोंडाचा कॉक पूर्ण बंद करा आणि मीटरचा त्रिकोण बघा. तो थांबायला हवा. फिरत राहिला तर मधला पाइप फुटलाय. जुने जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप आट्यांच्या जागी, विशेषतः गेटच्या काँक्रीटखाली, गंजून जातात. शेवाळ, कायम ओली राहणारी जागा, पहिल्या पाण्याला मातकट वास ही चिन्हं. पहिल्या पाण्याचा वास हलक्यात घेऊ नका. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेलाच येतं, बाकी वेळ पाइप रिकामा असतो आणि फुटक्या जागेतून आजूबाजूचं, कधी गटाराचं, पाणी आत ओढलं जातं. मीटरच्या आधी फुटलेलं असेल तर तुमचं बिल वाढत नाही, पण ते विभागीय कार्यालयाला लगेच कळवा, कारण पिताय तुम्हीच.

आणि ज्यांनी नळाच्या लाइनला थेट मोटर लावली आहे त्यांच्यासाठी: ते बेकायदा आहे हे सगळ्यांना ठाऊकच आहे. त्या ओढीने हीच घाण जोरात आत येते आणि मीटरचे दातेही खराब होतात, हे कमी जणांना ठाऊक असतं.

सगळं तपासून गळती सापडली नाही तरच मीटरवर संशय घ्या. पाणी येताना आधी पाइपातली हवा फुसफुसत येते आणि ती मीटरला वेगाने फिरवते. गंगापूर धरणाच्या लाइनवर शनिवारी दुरुस्तीसाठी पुरवठा बंद ठेवला की रविवारी हा फुसफुसाट जास्त. पाणी यायच्या आधी एकदा आणि धार स्थिर झाल्यावर एकदा लाल काटे वाचा. हवेने किती लिटर 'मोजले' ते कळेल. चार दिवस लिहून ठेवलं तर तक्रारीला आधार होतो. हवा काढायचा व्हॉल्व्ह लाइनवर कुठे बसवायचा हे महापालिकेने ठरवायचं. मीटरच्या आधी स्वतः काही जोडलंत तर तुम्हीच अडचणीत याल. प्रत्यक्ष मीटरची चाचणी मात्र घरी होते. धार स्थिर झाल्यावर २० लिटरची खूण केलेल्या बादलीने मोजून पाच बादल्या भरा. मीटरवर १०० लिटर सरकायला हवेत. नव्या मीटरला नेहमीच्या प्रवाहात २ टक्क्यांची सूट असते. बादलीची चूक धरून ९५ ते १०५ ठीक. ११५-१२० दिसत असतील तर लेखी अर्ज करून मीटर तपासून मागा. एक लक्षात ठेवा, झिजलेला मीटर सहसा कमी मोजतो. तिप्पट मोजणारा मीटर फार दुर्मीळ, म्हणून गळती आधी शोधायला सांगितली.

तक्रार नाशिक महापालिकेच्या सहा विभागांपैकी आपल्या विभागीय कार्यालयात, पाणीपुरवठा विभागात करायची: पंचवटी, पूर्व, पश्चिम, सातपूर, नवीन नाशिक, नाशिकरोड. शरणपूर रोडच्या राजीव गांधी भवनात थेट गेलात तरी कागद शेवटी विभागातच येतो. तोंडी सांगून उपयोग नाही. अर्ज एका पानाचा, त्यात ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, बिलाचा कालावधी आणि आकडे, आजचं रीडिंग तारखेसह, मागच्या चार बिलांचे युनिट, आणि नेमकी मागणी. उदाहरणार्थ: 'मीटरची तपासणी करावी, निकाल लागेपर्यंत मागील चार देयकांच्या सरासरीने रक्कम स्वीकारावी आणि नळजोडणी खंडित करू नये.' मीटरचा फोटो जोडा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. नादुरुस्त मीटर, मालकी बदल, थकबाकी नसल्याचा दाखला या सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली येतात. मुदत उलटली की त्याच आवक क्रमांकावर अपील करता येतं. विजेच्या वादात कायद्यानेच एक सोय दिली आहे: मागितलेली रक्कम किंवा आधीच्या सहा महिन्यांची सरासरी, यांतली कमी असेल ती 'निषेध नोंदवून' भरली की वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही.

गळती तुमच्याच घरात सापडली तर वाद घालू नका. ते पाणी मीटरमधून गेलं आहे. दुरुस्ती करा, आणि मोठी रक्कम असेल तर हप्ते मागा.

पैसे भरण्याबद्दल थोडंच सांगायचं आहे. महापालिकेचं संकेतस्थळ एनएमसी डॉट जीओव्ही डॉट इन, विजेसाठी महाडिस्कॉम डॉट इन. पत्ता स्वतः टाइप करा, मेसेजमधली लिंक नको. गुगलवर 'कस्टमर केअर' शोधून सापडलेल्या नंबरवर तर मुळीच जाऊ नका, बिलावर छापलेला नंबर वापरा, विजेसाठी १९१२. अॅपमधून भरताना 'बिल भरा' या भागातूनच भरा, जिथे भारत कनेक्ट या बिल भरायच्या अधिकृत यंत्रणेची खूण असते, आणि आलेलं नाव बिलावरच्या नावाशी ताडा. एक आकडा चुकला की पैसे दुसऱ्याच्या खात्यात जमा होतात, आणि ते फिरवून घ्यायला अर्ज-विनंत्यांत महिने जातात. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर पैसे घेणाऱ्याचं नाव दिसतं. तिथे एखाद्या माणसाचं नाव असेल तर तो महापालिकेचा व्यवहार नाही. दारात येऊन क्यूआर पुढे करणाऱ्यालाही हेच लागू, गळ्यात ओळखपत्र असलं तरी. पैसे कापले गेले पण बिल भरलेलं दिसत नाही, असं झालं तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक जपून ठेवा, दोन-तीन दिवस बघा, मग अॅपमधूनच तक्रार टाका. ऑटोपे लावायचं असेल तर कमाल रक्कम तुमच्या नेहमीच्या बिलाच्या दीडपट ठेवा, नाहीतर चुकीचं बिलही गुपचूप कापलं जाईल. आणि बिलांसाठी वेगळं बचत खातं ठेवा ज्यात पाच-दहा हजारांवर पैसे नाहीत. घरात वडीलधारी मंडळी फोन वापरत असतील तर हा उपाय सगळ्यात कामाचा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचं बिल सोसायटीच्या नावावर येतं. तिथे आदर्श उपविधींप्रमाणे पाण्याचा खर्च प्रत्येक सदनिकेतल्या नळांची संख्या आणि आकार यांवर वाटायचा असतो. नाशिकमधल्या पुष्कळ इमारती मात्र सोसायटी नसून १९७० च्या कायद्याखालच्या अपार्टमेंट आहेत. त्यांनी आपल्या अपार्टमेंटचं घोषणापत्र (डीड ऑफ डिक्लेरेशन) बघावं.

आता नाव. वडिलांच्या नावावर कनेक्शन चालू ठेवलं तर नळ बंद पडत नाही, पण अर्ज करताना प्रत्येक वेळी 'तुम्ही कोण' हा प्रश्न येतो आणि सूचनांचे मेसेज बंद पडलेल्या नंबरवर जात राहतात. आधी घरपट्टीच्या नोंदीला वारसांची नावं लावून घ्या. मृत्यू दाखला, घराचा मालकी कागद, वारसांचं प्रतिज्ञापत्र, इतर वारसांची संमती, घरपट्टी आणि पाणीपट्टीच्या चालू पावत्या, ओळखपत्र असा संच लागतो. दोन प्रती करा. घरपट्टीची थकबाकी असेल तर ती आधी मिटवा, तिच्यावर दरमहा २ टक्के शास्ती चढते. घरपट्टीला नाव लागलं म्हणजे नळाला आपोआप लागलं असं समजू नका, पाणीपट्टीचा अर्ज वेगळा द्या आणि त्यातच चालू मोबाईल नंबर नोंदवा. विजेच्या खात्यालाही आत्ताच नंबर जोडा: एमआरईजी ही इंग्रजी अक्षरं, मोकळी जागा आणि बारा आकडी ग्राहक क्रमांक असा एसएमएस ९९३०३९९३०३ वर. घर भाड्याने असेल तर भाडेकरूचा नंबर खात्याला लावू नका. तो गेल्यावर थकबाकीचा मेसेज त्यालाच जातो.

तपासणीत मीटर बदलला गेला तर काढण्याआधी जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग आणि नव्याचं सुरुवातीचं, दोन्हींचे फोटो घ्या, कागदावर आकडे लिहून कर्मचाऱ्याची सही घ्या. नवा मीटर शून्यावरच असेल असं नाही, चाचणीत तो थोडा सरकलेला असू शकतो. पुढच्या बिलात जुन्याचा उरलेला वापर अधिक नव्याचा वापर अशी बेरीज यायला हवी. ती न येता जुन्या रीडिंगमधून नवं वजा झालेलं दिसलं तर हाच सहीचा कागद घेऊन पहिल्याच आठवड्यात विभागात जा.